जिताड्याच्या स्पर्धेला मी परीक्षक म्हणून का येणार नाही

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

चार दिवसांपासून आपल्या भागातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक पोस्टर फिरतंय. भव्य गळ-मासेमारी स्पर्धा, १५ ऑगस्ट, प्रवेश फी पाचशे रुपये, सर्वात वजनदार जिताड्याला रोख बक्षीस आणि चषक. वर मान्यवरांचे फोटो, खाली परीक्षकांची नावं. त्यात तिसरं नाव माझं आहे. मला न विचारताच छापलंय, पण त्याचा राग नाही, आपल्याकडे हे असंच चालतं. मी फोन करून नाव काढायला सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "भाऊ, या भागाला गळाचा नाद तुम्हीच लावलात, आणि आता तुम्हीच मागे सरता?"

यावर मी गप्प बसलो, कारण ते खरं होतं. फोनवर बोलून भांडणच वाढलं असतं. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी जिताड्याबद्दल. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात, बाहेर सी-बास किंवा बॅरामंडी म्हणतात, तो हा मासा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. घराशेजारी तळं, तळ्यात जिताडे, आणि घरी जावई किंवा साहेब आला की त्यातला एक बाहेर, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पावसात खाडीतून, शेताच्या नाळीतून जिताड्याची बोटभर पिल्लं पकडायची, तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं बारीक मासळी खाऊ घालून वाढवायची. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेनं १९९७ मध्ये या माशाचं प्रजनन टाक्यांमध्ये करून दाखवलं. तरी आपल्याकडे कित्येक तळ्यांत आजही खाडीतलंच पिल्लू जातं. म्हणजे तळं आपलं असलं तरी आई खाडीतली. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम आहे.

आता माझी गोष्ट.

गळ मी आठव्या वर्षी धरला. वडील शिक्षक होते, त्यांना मासे खाण्यापुरतेच ठाऊक. शिकवलं ते शेजारच्या काकांनी. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गळाला जिवंत कोळंबी. भांगाच्या पाण्यात कुठे बसायचं, उधाणाला कुठे, उघाडीतून पाणी सुटलं की मासा कुठल्या बाजूला तोंड करून उभा राहतो, हे सगळं त्यांनी शिकवलं. पुढे शहरात जाऊन पत्रकारितेची पदविका केली, परत आलो, एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो. पगार म्हणावा असा नव्हता, पण संध्याकाळ मोकळी असायची. तेव्हा रॉड-रीळ घेतलं आणि नाद वाढला.

२०११ च्या आषाढात एका उघाडीच्या तोंडाशी मला जिताडा लागला. चाळीस मिनिटं झुंजवला. बाहेर काढला तेव्हा माझे हात थरथरत होते. काट्यावर नऊ किलो चारशे ग्रॅम भरला. मित्रानं फोटो काढला. कल्ल्यात बोटं घालून मी तो छातीपर्यंत उचललेला, तोंडावर जग जिंकल्याचं हसू. रात्री मीच बातमी लिहिली, तीही तृतीयपुरुषी: 'येथील एका हौशी मासेमाराच्या गळाला महाकाय जिताडा लागल्याने...' वगैरे. गावाचं नाव लिहिलं, उघाडीचं नाव लिहिलं, रस्त्यावरून किती अंतर तेही लिहिलं. पुरवणीत रंगीत छापून आलं. त्या काळात माझ्या कुठल्याही बातमीवर आले नसतील एवढे फोन आले.

मासा कापायला शेजारच्या काकूंकडे दिला होता. म्हणजे ज्यांनी गळ शिकवला त्या काकांच्या घरी. काका तोवर गेले होते. काकूंनी पोट फाडलं आणि गाभोळी बाहेर काढून परातीत ठेवली. परात भरली. मी कौतुकाची वाट बघत उभा. काकू परातीकडे बघत म्हणाल्या, "बाला, अख्खा गाव भरंल येवरी पोरां हान हिचे पोटान."

एवढंच म्हणाल्या आणि मासा कापायला लागल्या. मीही ती गाभोळी तळून खाल्ली, खोटं कशाला बोलू. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की काकू बोलल्या ते शब्दशः खरं होतं. जिताडा बहुतेक करून नर म्हणून वयात येतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर. पुढे काही वर्षं विणीत भाग घेतल्यावर, मोठा झाल्यावर, त्याचीच मादी होते. त्यामुळे खाडीतले मोठे जिताडे म्हणजे जवळजवळ सगळ्या माद्याच. आणि अशी एक मोठी मादी एका मोसमात वीस लाख, त्याहूनही कितीतरी जास्त अंडी देऊ शकते. वाढायला हा मासा आत येतो, खाडीत, खाजणात, गोड्या पाण्यातही. पण वीण मात्र खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. आपल्याकडे तो काळ पावसाळ्याचा. म्हणजे आषाढ-श्रावणात उघाडीशी जो मोठा जिताडा लागतो, ती बहुधा विणीला निघालेली बाई असते.

आता पोस्टर पुन्हा वाचा. पंधरा ऑगस्ट. सर्वात वजनदार.

आपण नेमका तो महिना निवडलाय आणि नेमका तो मासा. दोनशे जण गळ घेऊन उतरणार आणि ज्यानं सर्वात जास्त अंडी देणारी मादी मारली त्याला चषक देणार. आयोजकांच्या मनात वाईट काही नाही, हे मला माहीत आहे. पंधरा ऑगस्टला सुट्टी असते आणि पाऊस असला की मासा लागतो, एवढाच हिशेब. २०११ मध्ये माझाही तेवढाच होता.

पण माझी चूक तिथेच संपली नाही.

ती बातमी छापून आली त्याच्या पुढच्या रविवारी त्या बांधावर तीन गाड्या होत्या. दुसऱ्या वर्षी पंधरा. पनवेल, नवी मुंबई, ठाणे, कुठून कुठून माणसं आली. त्यात चांगली माणसं होती, माझे काही आजचे मित्र तिथेच भेटले. पण बांधावर गाड्या चढल्या. बाटल्या, थर्माकोलच्या पेट्या, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. आमिषाला किडे हवेत म्हणून काही जणांनी बांधाच्या उताराची माती उकरली. खारेपाटातल्या माणसाला बांध म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी भातशेतीत घुसतं, आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या जमिनीत धड पीक येत नाही. ज्या बांधावर आजोबा-पणजोबांनी चिखल टाकला तो बांध आम्ही हौशी लोक किड्यांसाठी उकरत होतो.

आणि तंगूस. तुटलेला तंगूस तिवरांत अडकतो, वर्षानुवर्षं कुजत नाही. एका सकाळी त्या तिवरांत एक बगळा उलटा लटकलेला बघितला. पायाला तंगूसाचा गुंता. मेलेला. खाली ओहोटीच्या चिखलात निवटे नेहमीसारखे उड्या मारत होते. तो फोटो मी काढला, पण छापायला दिला नाही. माझीच बातमी कुठवर पोचली ते त्या फोटोत दिसत होतं.

शेवटी गावकीनं फळा लावला, 'गळ टाकण्यास सक्त मनाई'. दोन पोरांना पकडून त्यांचे रॉड मोडले. प्रकरण पोलिसांत जायची वेळ आली तेव्हा मला निरोप आला. देवळात बैठक. मी पत्रकार म्हणून मध्यस्थी करायला बोलावलंय, या समजुतीनं गेलो. बसल्या बसल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या बातमीचं कात्रण समोर टाकलं. "तुमी पेपरान छापलाव, आता तुमीच निस्तरा."

मग एकेक कळत गेलं. त्या उघाडीच्या मासळीचा गावकी दरवर्षी लिलाव करते. ज्यानं पैसे मोजून उघाडी घेतली त्याच्या जाळ्याच्या समोर उभं राहून आम्ही फुकटात मासा काढत होतो, आणि वर 'आम्ही तर फक्त छंद म्हणून' असं सांगत होतो. लिलावाचा पैसा बांधाच्या डागडुजीला आणि देवळाला जायचा. गेल्या खेपेला बोली कमी आली होती. का, ते सगळ्यांना माहीत होतं. मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं. उघाडीच्या जाळ्यापासून लांब राहायचं. बांधावर गाडी न्यायची नाही. माती उकरायची नाही. आणि दर उन्हाळ्यात पावसाआधी एक दिवस आम्ही गळवाल्यांनी बांधावर चिखल टाकायला यायचं. पहिल्या वर्षी आम्ही आठ जण गेलो. दुपारपर्यंत पाठी मोडल्या. गावातली पोरं आमच्याकडे बघून हसत होती. पण संध्याकाळी जेवायला बसवलं, आणि पुढच्या वर्षी फळा निघाला.

हे सगळं मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. कर्ज होतं, त्याचे हप्ते चाललेत. आता आम्ही वीस-बावीस जण आहोत. संस्था नाही, नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत, म्हणून भांडणंही कमी. महिन्यातून एकदा ओहोटी बघून तिवरांतला तंगूस काढतो. हातात कात्री आणि पोतं. पोरांना गाठ कशी मारायची शिकवतो, म्हणजे तंगूस कमी तुटतो. गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायला शिकवतो, म्हणजे सोडायचा मासा फाटत नाही. जुने रॉड-रीळ दुरुस्त करून ज्या पोरांना परवडत नाही त्यांना देतो. आणि माशाचा एक नियम केलाय: दोन फुटांच्या आतला जिताडा परत, पावणेतीन फुटांच्या वरचा परत, मधला एकच घरी. पावसाळ्याचे दोन महिने जिताड्याच्या मागे जायचंच नाही.

हा नियम आमच्या डोक्यातून आलेला नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात याच माशासाठी तिथल्या नद्या-खाड्यांत कायदा आहे: ५८ सेंटिमीटरच्या आतला ठेवायचा नाही, १२० सेंटिमीटरच्या वरचाही नाही, आणि विणीच्या महिन्यांत बंदी. लहानाला वाढू द्यायचं आणि मोठीला विऊ द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही आकाराचा विचार सुरू झालाय. केरळनं २०१५ मध्ये किमान आकाराचे नियम आणले, महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांसाठी ते केले. पण तो किमान आकार आहे, म्हणजे फक्त पिल्लाची काळजी. मोठ्या आईचं काय, हा प्रश्न अजून कुणी विचारत नाही. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै आहे, पण ती यांत्रिकी नौकांवर. काठावर रॉड घेऊन बसणारा कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला आवरायचं. आपल्या कोळी बांधवांनी नारळी पौर्णिमेची रीत कुठल्या जीआरनं पाळली नव्हती.

आता तुमच्या मनात प्रश्न आलाच असेल, कारण गेली दहा-बारा वर्षं मी तो ऐकतोय. सोडायचाच होता तर धरला कशाला?

पहिल्यांदा तो मला काकूंनीच विचारला. अगदी साध्या आवाजात. आणि खरं सांगू का, माझ्याकडे याचं ठणठणीत उत्तर नाही. मासा धरण्यात जो थरार आहे तो मला हवा असतो, एवढंच प्रामाणिक उत्तर. माशाला त्याचा त्रास होतो हेही खरं. तो त्रास कमीत कमी व्हावा एवढं माझ्या हातात आहे. जाड तंगूस वापरायचा म्हणजे झुंज लांबत नाही. हात ओले करून धरायचं, कारण कोरड्या हातानं अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि माशाला जखमा होतात. कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवायचा नाही, पोटाखाली हात द्यायचा. गळ खोल गिळला असेल तर ओढायचा नाही, तंगूस कापायचा. आणि पाण्यात फेकायचा नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवायचा, त्यानं स्वतः शेपटी मारून हात सोडवेपर्यंत. हे करूनही काही मासे मरत असतील. म्हणून लागतोय म्हणून दिवसभर धरत-सोडत बसणं, हेही मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. हा उपदेश कोळ्याला करायचा नाही. ज्याचं पोट खाडीवर आहे, ज्याची बायको टोपली घेऊन बाजारात बसते, त्याला 'मासा सोड' सांगायला जाणारा शहाणा मला व्हायचं नाही. त्याची खाडी आपण आधीच पुरेशी बिघडवली आहे. कारखान्याचं सांडपाणी, भराव, तिवरांची कत्तल, फुटलेले बांध. जिताडा कमी झाला त्यात गळवाल्याचा वाटा लहान आहे, हे मी मान्य करतो. पण 'कारखानेवाले बघा किती नासधूस करतात' असं म्हणत आपण गाभोळीवाली मादी उचलायची, हे बरोबर नाही. ज्याच्यासाठी हा फक्त छंद आहे त्याला सोडणं सर्वात सोपं आहे. म्हणून नियम आधी त्याला.

आता आयोजकांना जाहीर विनंती. स्पर्धा रद्द करा असं मी म्हणत नाहीये. या भागातली पोरं मोबाइलमधून डोकं काढून खाडीवर येणार असतील तर मला आनंदच आहे. फक्त एवढं करा.

एक, तारीख बदला. दिवाळीनंतर घ्या. पाणी निवळलेलं असतं, वीण आटोपलेली असते, आणि सुट्टीही मिळते.

दोन, वजनकाटा काढून टाका. ओली मोजपट्टी ठेवा, मासा त्यावर आडवा, फोटो, आणि लगेच पाण्यात. अमेरिकेत बास माशाच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात, तिथेही आधी मेलेल्या माशांच्या माळा मिरवायचे. १९७२ मध्ये रे स्कॉट नावाच्या आयोजकानं आपल्या स्पर्धांमध्ये मासे जिवंत ठेवून परत सोडायची पद्धत आणली. त्यानं स्पर्धा बंद पडल्या नाहीत, उलट वाढल्या.

तीन, ज्या गावांच्या बांधांवर बसणार त्या गावकीला आधी विचारा. पाचशेतले शंभर रुपये बांधाला द्या. आणि एक बक्षीस तंगूसाला ठेवा. तिवरांतून सर्वात जास्त तंगूस काढून आणेल त्याला. त्या बक्षिसाचे पैसे मी देतो.

चार, जागेचं नाव पोस्टरवर आणि बातमीत टाकू नका. ही चूक कशी महाग पडते हे माझ्याकडून शिका. या पोस्टमध्येही मी उघाडीचं नाव लिहिलेलं नाही. इनबॉक्समध्ये विचारलंत तरी सांगणार नाही. कुणाला खरंच यायचं असेल तर एप्रिल-मे मध्ये चिखल टाकायच्या दिवशी या, जागा आपोआप कळेल.

एवढं मान्य असेल तर परीक्षकच काय, सकाळी पाच वाजता मोजपट्टी धरून उभा राहतो. नसेल तर पोस्टरवरून नाव काढा. आणि तरीही १५ ऑगस्टलाच झाली तर पत्रकार म्हणून बातमी द्यायला येईन. काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक मोठ्या जिताड्याचं पोट तुमच्यासमोर फाडायला सांगेन, आणि गाभोळीचा फोटो काढेन. या वेळी तो छापायला देईन.

मागच्या महिन्यात मला एक मोठी जिताडी लागली होती. पावणेतीन फुटांच्या बरीच वर. बोईसाठी टाकलेल्या बारीक गळाला कशी कोण जाणे. सोबत काकूंचा नातू होता, तेरा वर्षांचा. पाण्यात गुडघाभर उभं राहून दोघांनी तिला धरून ठेवलं. दोन मिनिटं गेली असतील. मग तिनं शेपटी मारली, पोराच्या तोंडावर चिखल उडाला आणि ती गेली. फोटो राहिलाच. पोरानं घरी जाऊन आजीला सांगितलं. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, किती मोठी होती. मग मला म्हणाल्या, "यंदा तल्यान सोराला पिल्ला गावतील मग."

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथेच. फक्त आयोजकांना वैयक्तिक शिव्या घालू नका, ती आपलीच पोरं आहेत.